अंगणातील पळस

फाल्गुनात पळस फुलला, की रान पेटल्याचा भास होतो. पाने बहुतेक गळालेली असतात. परंतु मकरंदासाठी मैना, बुलबुल व सूर्यपक्षी त्यावर गर्दी करतात. रस्त्याकडेचा गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरील. पळस मात्र याच भूमीचा. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण त्याच्या त्रिदलावरूनच पडली.

माळावरील पळस तोडला, तर ऐन उन्हाच्या दिवसांत पाखरांचे ताट रिकामे होते. ते भरण्याचा उपाय सोपा आहे. शेंगेच्या टोकाशी एकच चपटे बी असते. पावसाळ्याच्या आरंभी ते जागेवरच पेरावे. कारण रोपाचे मूळ खोल जाते व उपटल्यास दुखावते. वाढ मंद असते; म्हणून धीर धरावा. पळस फुलला, की पाखरे न बोलावता येतात.