जुन्या जावा ॲपचा बिल्ड: वेळ नेमका जातो कुठे?

बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांची कितीतरी कामं आजही फार पूर्वी लिहिलेल्या जावा वेब ॲप्लिकेशनवर चालतात. त्यांची देखभाल करणाऱ्यांच्या वाट्याला येतं ते ताटकळणं: एक ओळ बदलायची, बिल्ड लावायचा आणि ब्राउझरमध्ये बदल दिसेपर्यंत बसून राहायचं. तेवढ्यात डोक्यात जुळवलेली सगळी संगती विस्कटते, आणि मला हे नुकसान मोजलेल्या मिनिटांपेक्षा मोठं वाटतं. ‘जुनं आहे, वेळ लागणारच’ असं म्हणून ते वर्षानुवर्षं सोसलं जातं. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा कोडच्या वयाचा नसतो.

पहिला गैरसमज हाच, की वेळ कम्पाइल होण्यात जातो. जावाचा कम्पायलर मुळात वेगवान आहे. शेकडो फायली तो काही सेकंदांत उरकतो. बाकीचा वेळ खातात त्याच्या मागेपुढे चालणारी कामं: जुनं सगळं पुसणं (म्हणजे क्लीन), लायब्ररीच्या जार फायली इकडून तिकडे कॉपी करणं, त्यांची वॉर फाइल बांधणं आणि टॉमकॅट सर्व्हरने ती पुन्हा सोडवणं. जार फायली आधीच दाबून भरलेल्या असतात. त्या परत दाबून हाती फारसं काही लागत नाही. डेव्हलपमेंटसाठी वॉर बांधूच नये. टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्टमध्ये डॉकबेस म्हणून थेट उघडा फोल्डर देता येतो. मग जेएसपी बदलली तर बिल्डची गरजच उरत नाही, कारण टॉमकॅट मुळातच डेव्हलपमेंट मोडमध्ये असतो आणि बदललेली जेएसपी स्वतःच पुन्हा कम्पाइल करतो.

आपल्याकडे वेळ कुठे जातो, हे अंदाजाने ठरवू नये. अँट या बिल्ड साधनाच्या 1.8 आवृत्तीपासून प्रोफाइललॉगर नावाचा लॉगर आहे. तो लावून बिल्ड चालवला की प्रत्येक टार्गेट आणि टास्कला लागलेला वेळ समोर येतो. अनेक मॉड्यूल असतील तर मेव्हन शेवटी प्रत्येकाचा वेळ छापतोच. तो तक्ता कुणी वाचत नाही एवढंच.

‘क्लीन केल्याशिवाय भरवसा नाही’ ही समजूत मात्र हवेतून आलेली नाही. अँटचा जावासी टास्क फक्त सोर्स फाइल आणि क्लास फाइल यांच्या वेळा ताडून बघतो. कोण कोणावर अवलंबून आहे, हे त्याला ठाऊक नसतं. समजा, एका क्लासमध्ये ‘मॅक्स रो’ हा स्टॅटिक फायनल आकडा 50 आहे आणि यादी दाखवणारा दुसरा क्लास तो वापरतो. कम्पायलर 50 हा आकडाच दुसऱ्या क्लासमध्ये उतरवून ठेवतो. तुम्ही 50 चे 100 केलेत, तर अँट पहिली फाइल कम्पाइल करतो, दुसरीला हात लावत नाही. पडद्यावर नोंदी 50 च. असा एक बग तासभर शोधला की माणूस जन्मभर क्लीन करत राहतो, आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण त्यावर उपाय आहेत. अँटमध्येच डिपेंड नावाचा टास्क आहे. तो क्लास फायली वाचून, बदललेल्या क्लासवर विसंबलेल्या शिळ्या फायली काढून टाकतो. जावासीच्या आधी तो लावायचा. एखाद्या मेथडचे पॅरामीटर बदलले तर त्याने काम भागतं. वरच्या आकड्याचा घोळ मात्र त्यालाही दिसत नाही, कारण क्लास फाइलमध्ये मूळ क्लासचा मागमूसच राहिलेला नसतो. म्हणून कॉन्स्टंट बदलले की क्लीन करावं, एरवी नको. एक्लिप्सचा कम्पायलर सोर्समधलेच संदर्भ टिपून ठेवतो, त्यामुळे तो इथे फसत नाही. रिलीजचा बिल्ड अर्थातच पाटी कोरी करूनच व्हायला हवा.

प्रत्येक बदलाला टॉमकॅट रीस्टार्ट करावा लागतो, हेही अर्धसत्यच. डीबग मोडमध्ये चालू जेव्हीएममध्ये मेथडच्या आतला कोड बदलता येतो, आणि ही सोय जावा 1.4 पासून आहे. नवी मेथड किंवा नवं फील्ड त्यात बसत नाही. त्यासाठी जेरेबेल हे विकतचं किंवा हॉटस्वॅप एजंट हे मुक्त साधन आहे. रीस्टार्ट टळत नसेल तर टॉमकॅट सुरू होताना काय करतो ते बघा. 2009 च्या सर्व्हलेट 3.0 पासून तो ॲनोटेशनच्या शोधात लायब्ररीतल्या जार चाळत बसतो. ज्यांत शोधण्यासारखं काही नाही त्यांची नावं कॅटालिना प्रॉपर्टीज फाइलमधल्या वगळण्याच्या यादीत घातली, की हा वेळ वाचतो.

नव्या मशीनवर भिस्त ठेवण्याआधीही थोडं थांबावं. मेव्हन 3 मॉड्यूल समांतर बांधू शकतो, पण प्रत्येक मॉड्यूल आधीच्यावर अवलंबून असेल तर जादा कोअर नुसते बसून राहतात. विंडोजवर अँटीव्हायरस हजारो लहान क्लास फायली एकेक करून तपासत असतो. बिल्डचे फोल्डर त्यातून वगळण्याची परवानगी आयटी विभागाकडे मागायला हवी.

आणि ग्रेडल? त्याचा डेमन, कॅश, बदललं तेवढंच बांधणं, हे सगळं खरं आहे. पण जुनी अँट स्क्रिप्ट त्यात जशीच्या तशी आयात केली, तर त्या टास्कचे इनपुट-आउटपुट ग्रेडलला कळत नाहीत आणि तो ते दर वेळी चालवतो.