जकातीची भिंत आणि भांडवलाची वाट

परकीय प्रत्यक्ष गुंतवणूक म्हणजे परदेशातील कंपनीचे थोडे भाग घेऊन लाभांशाची प्रतीक्षा करणे नव्हे, तर तेथील उद्योगाच्या कारभाराचा अखत्यार दीर्घकाळासाठी आपल्या हाती घेणे होय. असे भांडवल केवळ धनाढ्य राष्ट्रांकडूनच बाहेर पडते, हा समज किती अपुरा आहे, हे मेक्सिकोतील सेमेक्स या सिमेंट कंपनीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

मेक्सिकन सिमेंट अवाजवी स्वस्त दराने विकले जाते, या कारणास्तव अमेरिकेने १९९० मध्ये त्यावर जादा जकात बसविली. आणि १९९४ मध्ये अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांचा मुक्त व्यापार करार अमलात आल्यावरही ती कायम राहिली, कारण अशा जकातींचा अधिकार प्रत्येक राष्ट्राने स्वतःकडे राखून ठेवला होता. सेमेक्सने मात्र १९९२ मध्ये स्पेनमधील दोन सिमेंट कंपन्या आणि २००० मध्ये अमेरिकेतील साउथडाउन ही कंपनी खरेदी केली, आणि जेथे आपला माल अडविला जात होता तेथेच ती उत्पादक बनली.

म्हणून व्यापारसंघाच्या कराराचे मोल ठरविताना माफ झालेल्या जकातींइतकेच त्यातील राखीव अधिकारही बारकाईने पाहणे अगत्याचे आहे.