गाजर गवतावरचा मेक्सिकन भुंगा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळ्यात बांधावरच्या गाजर गवतावर पांढुरके, तपकिरी नागमोडी रेघांचे भुंगे दिसले की अनेक शेतकरी फवारणीचा पंप बाहेर काढतात. कीड पडली, आता पिकावर येणार, ही भीती. पण हे भुंगे मुद्दाम आणलेले आहेत. १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंद झालेलं हे गवत देशभर पसरलं, कारण मायदेशात त्याला खाणारे किडे इथे नव्हते. म्हणून १९८३ मध्ये मेक्सिकोतून हा भुंगा बंगळुरूला आणला, चाचण्या घेतल्या आणि पुढच्या वर्षी सोडला.

‘गवत संपलं की तो पिकं खाईल’ हा सर्वांत चिवट गैरसमज. त्याला निमित्तही घडलं होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात सूर्यफुलावर हे भुंगे दिसले आणि मोठा वाद पेटला. अभ्यासात आढळलं, की गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले, तर त्या गंधा-चवीने भुंगा ती पानं कुरतडतो. त्यानंतरच्या एवढ्या वर्षांत तो सूर्यफुलाची मोठी कीड झालेला नाही. हिवाळा लागला, गवत वाळलं, की बरेचसे भुंगे मातीत शिरून सुप्तावस्थेत जातात आणि पावसाबरोबर वर येतात.

भुंग्याने अंगाला खाज सुटते, असंही म्हणतात. खाज गवताची असते.

आता उलटा गैरसमज: भुंगे सोडले की गवत कायमचं जाईल. तसं होत नाही. एकेक झाड हजारो बिया टाकतं. भुंग्याचा जोर पावसाळ्यापुरता; उन्हाळ्यात पाटाच्या कडेला गवत बिनधास्त वाढतं. बंगळुरूतही ठळक परिणाम दिसायला काही वर्षं जावी लागली. मात्र त्याचं काम बघायचं तर शेंडा बघावा. मादी बहुधा पानाखाली पिवळसर अंडी घालते; बारीक अळ्या थेट कोवळ्या कोंबांत आणि कळ्यांत शिरतात. फूल कमी, म्हणून बी कमी. माझ्या मते या भुंग्याची खरी किंमत इथेच आहे.

तेव्हा भुंगे असलेल्या गवतावर कीटकनाशक मारू नका. जिथे ते पोचलेले नाहीत, तिथलं गवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा.