कुरकुरणारी माडी आणि मुकी पायरी

चिमूरच्या मुलखात ज्यांच्या घरी मालगुजारीच्या अमदानीतील माडी अद्याप शाबूत आहे, त्यांना वैशाखातल्या दुपारी वर कोण चालले आहे हे मान वर न करताही कळते. कारण तक्तपोशीची प्रत्येक फळी एखाद्या दक्ष चोपदाराप्रमाणे येणाऱ्याजाणाऱ्याची वर्दी देत असते. हीच तक्तपोशी श्रावणात मात्र बरीचशी शांत होते. घरातील वडीलधारी मंडळी या कुरकुरीला वास्तूचे वार्धक्य समजतात आणि तरुणांना ती माडी पाडण्यास पुरेशी सबब वाटते. वस्तुतः ती बव्हंशी ऋतुमानाची करामत आहे.

सागवान, मग ते आलापल्लीच्या जंगलातले का असेना, तोडल्यावरही हवेतील बाष्प शोषण्याचा व सोडण्याचा आपला धर्म टाकीत नाही. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत त्याच्या लांबीत नाममात्र फरक पडतो, परंतु वर्षवलयांच्या दिशेने ते शंभरात सुमारे ५ भाग आक्रसते. वाळून घट्ट झालेली फळीसुद्धा, पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात, किंचित अरुंद होते, खिळ्याभोवतीची तिची पकड ढिली पडते, आणि पाऊल पडताच ती खिळ्याच्या अंगावर वरखाली घासते. क्योतोच्या निजो किल्ल्यातील दालनांबाहेरच्या लाकडी जमिनीतून पक्ष्याच्या शिळेसारखा जो विख्यात नाद निघतो, तोही खिळे आणि लोखंडी पट्ट्या यांच्याच घर्षणातून. तिथे लोक तिकीट काढून तो ऐकतात, आपण सुताराला बोलावणे धाडतो.

उपचार साधा आहे. दोन फळ्यांच्या फटीत शंखजिऱ्याची पूड किंवा मेण भरावे. कडी आणि फळी यांमध्ये अंतर पडले असल्यास खालून पातळ पाचर हलक्या हाताने सरकवावी, ठोकू नये, नाहीतर फळीच उचलली जाते. आणि सैल खिळ्याच्या जागी, आधी बारीक भोक पाडून, स्क्रू बसवावा. उन्हाळ्यातल्या फटी लांबी भरून गच्च बुजवण्याचा मोह आवरावा, कारण पावसाळ्यात फुगणाऱ्या फळीला मग जागाच उरत नाही. चिंता करावी ती न बोलता दबणाऱ्या फळीची: सागाचा गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण बाहेरचे फिकट लाकूड ती खुशाल खाते.

माझी खरी तक्रार मात्र जिन्याविषयी आहे, कारण तो काहीच पूर्वसूचना देत नाही. जुन्या वाड्यातील भिंतीत दडलेला अंधारा, उभा जिना पिढ्यांच्या पावलांनी कोरेवर गोल झिजलेला असतो. नव्या बंगल्यातील ग्रॅनाइटची पायरी आरशासारखी घोटलेली असते. आणि पाय घसरतो तो बहुधा उतरताना, कोरेवरच. राष्ट्रीय इमारत संहितेने राहत्या घरासाठी पायरीची रुंदी किमान २५० मिलिमीटर व उंची फार तर १९० मिलिमीटर ठरवली आहे. दगडी पायरीच्या कोरेलगत दोनतीन खाचा पाडवून घ्याव्यात, लाकडीवर खरखरीत पट्टी लावावी, आणि ती पायरीहून निराळ्या रंगाची असावी. सारवलेल्या ओट्याला पांढऱ्या मातीचा काठ काढणाऱ्या घरांत मोतीबिंदू झालेल्या आजीलाही कड कुठे संपते ते दिसत असे. सुटी सतरंजी जिन्यावर नकोच.

शिवाय पायाला पायरीच्या उंचीची सवय दोनचार पावलांतच जडते, आणि पुढे एक जरी पायरी अर्ध्या बोटाने कमीजास्त निघाली तरी तोल जातो. तेव्हा माडीसाठी सुतार आलाच आहे, तर त्याच्याकडून सगळ्या पायऱ्या एकदा मापून घ्याव्यात; विशेषतः पहिली आणि शेवटची, कारण खालीवर नवी फरशी बसवताना उंची बिघडते ती तिथेच.