सरकारी दप्तर आणि परक्याची किल्ली

दप्तर प्रजेचें, पण किल्ली दुकानदाराची, असें झाल्यास कारभार कोणाचा म्हणावा? जर्मनींतील म्युनिक नगरसभेनें २००३ सालीं विंडोज सोडून लिनक्स स्वीकारण्याचें ठरविलें. सुमारें १५,००० संगणकांचें हें कार्य २०१३ सालीं सिद्धीस गेलें. परंतु २०१७ सालीं तिनेंच विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. कर्मचाऱ्यांच्या गैरसोयीच्या तक्रारी उपेक्षणीय नव्हत्या. तथापि आमच्या मतें खरा प्रश्न यंत्राचा नसून लेख सांठविण्याच्या पद्धतीचा आहे. एका यंत्रावर लिहिलेलें दुसऱ्यावर जसेंच्या तसें उघडलें पाहिजे. भारत सरकारनें २०१० सालीं खुल्या मानकांचें धोरण जाहीर केलें, तें योग्यच होय. आपलीं खरेदीखतें नातवंडांस वाचतां यावींत, एवढी अपेक्षा वाचकांनीं सरकारपाशीं अवश्य धरावी.