विश्वासू कारकून, सहीचा ताळेबंद आणि अफरातफर

धंद्यात अफरातफर उघडकीला आली की मालकाच्या तोंडून दोन वाक्ये हमखास निघतात : ‘दरवर्षी ऑडिट होत होतं’ आणि ‘माणूस इतका विश्वासातला होता’. या दोन भरवशांमुळेच आर्थिक गैरव्यवहारांचा तज्ज्ञ, म्हणजे फॉरेन्सिक ऑडिटर, पैसे गेल्यावर आठवतो. खरे तर पैसा विनातपासणी कुठून बाहेर पडू शकतो, हे तो जाण्याआधी दाखवून देणे, हे या तज्ज्ञाचे अधिक मोलाचे काम.

गैरसमज : सीए हिशेब तपासतात, मग वेगळा माणूस कशाला?

वैधानिक लेखापरीक्षक हिशेबपत्रके वास्तव आणि रास्त चित्र दाखवतात का, यावर मत देतो. त्यासाठी तो प्रत्येक व्हाउचर उलगडत नाही, नमुन्यादाखल नोंदी पाहतो. अपहार रोखण्याची मूळ जबाबदारी व्यवस्थापनाची, हे ऑडिटच्या मानकांतच लिहिलेले आहे. सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्सच्या जागतिक संघटनेने २०२४च्या अहवालात १,९२१ प्रकरणे अभ्यासली. त्यांतली ४३ टक्के कुणीतरी दिलेल्या खबरीमुळे उघडी पडली, तर बाहेरच्या ऑडिटमुळे अवघी ३ टक्के. मग तक्रारपेटी लावली की भागले, असे कुणी म्हणेल. पण खबर म्हणजे पुरावा नव्हे. ती खोडसाळही असू शकते. शिवाय घाईत संशयिताचा कॉम्प्युटर उघडून बसलेला मालक फायलींच्या तारखा बदलून टाकतो आणि स्वतःच्याच हाताने पुरावा कच्चा करतो. तज्ज्ञ आधी हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढतो, तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे प्रतीत फेरफार झालेला नाही हे पडताळता येणारा सांकेतिक आकडा, नोंदवतो आणि मगच त्या प्रतीवर काम करतो.

गैरसमज : जुना, रजाही न घेणारा माणूस असे करणार नाही.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या डिक्सन या छोट्या शहराची हिशेबप्रमुख रिटा क्रंडवेल हिने १९९० ते २०१२ या काळात नगरपालिकेचे सुमारे ५ कोटी ३७ लाख डॉलर लाटले. ऑडिट होतच होते. २०११मध्ये ती लांब रजेवर असताना तिचे काम पाहणाऱ्या सहकारी महिलेने बँकेची स्टेटमेंट मागवली आणि कुणालाच ठाऊक नसलेले एक खाते समोर आले. खाते उघडणे, पैसे वळवणे, स्टेटमेंट ताब्यात घेणे हे सारे एकाच हाती होते, म्हणून दोन दशके बोभाटा झाला नाही. बँकांतल्या संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दहा कामकाजाचे दिवस पूर्वसूचनेशिवाय सक्तीच्या रजेवर पाठवण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम याच कारणासाठी आहे. यात विश्वासू माणसाचा अपमान होतो, हा आक्षेप नेहमीचा. पण पैसे गेले की संशय सगळ्यांवरच येतो. कोणी काय केले याची स्वच्छ नोंद असेल, तर प्रामाणिक माणूसच आधी सुटतो.

गैरसमज : हे मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत.

उलट छोट्या धंद्यात माणसे कमी, म्हणून कामांची वाटणीही कमी. टॅलीत नवा पुरवठादार उघडणारा, बिल पास करणारा आणि नेटबँकिंगवरून पैसे सोडणारा एकच असतो. ओटीपी येणारा मालकाचा मोबाइलही त्याच्याच टेबलावर पडलेला असतो. असा धंदा तज्ज्ञाला पगारावर ठेवणार नाही, ठेवण्याची गरजही नाही. ठरावीक शुल्कात एकदा केलेली पाहणीही पुष्कळ सांगून जाते. पुरवठादारांचे खाते क्रमांक कर्मचाऱ्यांच्या पगारखात्यांशी जुळवून पाहणे, मालकाची सही पन्नास हजारांपासून लागत असेल तर एकोणपन्नास हजारांची बिले किती निघाली ते मोजणे, या तपासण्या टॅलीतल्या माहितीवरच होतात. त्यानंतर बिल पास करणारा एक आणि पैसे सोडणारा दुसरा, एवढा बदल मालकाला फुकटात करता येतो.

तज्ज्ञ नेमला म्हणजे धंदा सुरक्षित झाला, हाही गैरसमजच. त्याचा अहवाल सल्ला देतो, अंमल मालकाने करायचा असतो. ‘घरातल्यांचा हिशेब सोडून बाकीचं बघा’ असे बजावून नेमलेल्या तज्ज्ञाला नेमकी तीच वाट तपासता येत नाही, जिथे विचारणारे कुणी नसते. म्हणून फी ठरवण्याआधी त्याने काय काय पाहायचे ते ठरवावे, आणि त्या यादीत मालकाच्या सहीने निघणारा पैसाही असावा.