भाड्याचा मुनीम

मी कवितेतला माणूस. बी. ए. झालो तोही मराठी घेऊन. आज मी संगणकावर बोलणार आहे हे कळल्यावर आमच्या घरात चांगलीच करमणूक झाली. पण एखादी गोष्ट खिशाला चटका देऊन गेली की ती समजून घ्यावी लागते, तसं माझं झालं.

२०२० च्या टाळेबंदीत मी आणि माझ्या भाच्यानं एक उद्योग सुरू केला. पिंजारी, बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन अशा घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना फोन करायचा, त्यांच्या धंद्यातले शब्द विचारायचे आणि ते त्यांच्याच आवाजात साठवायचे. दोन वर्षांत ६,२०० शब्द जमले आणि आवाजाचे १,९०० तुकडे. त्यात माझी अम्मीही आहे. गादी, रजई आणि दुलई यांतला फरक ती सांगते आणि मधेच "नीट ऐक की" म्हणून मला दटावते. अम्मी २०२१ च्या हिवाळ्यात गेली.

भाचा पुण्यात नोकरीला. त्यानं हे सगळं एका परदेशी कंपनीच्या 'क्लाऊड'वर ठेवलं. पहिलं वर्ष फुकट होतं. २०२२ मध्ये एका रात्री त्याचा फोन आला, "मामू, महिन्याला पाच हजार चारशे पडतायत. दोन महिन्यांचे थकलेत." फुकटचं वर्ष केव्हाच संपलं होतं. मधल्या काळात त्याच्या कार्डाची मुदत संपली होती. कंपनीची पत्रं जात होती ती आम्ही या कामासाठी काढलेल्या ईमेलवर, आणि तो ईमेल दोघांपैकी कुणीच उघडत नव्हतं. शेवटच्या पत्रात तारीख दिली होती. त्या तारखेला खातं बंद, आणि आत जे असेल ते पुसलं जाणार. हातात नऊ दिवस होते.

त्या नऊ दिवसांत मी जे शिकलो ते सांगतो. डेटाबेस म्हणजे शिस्तीत लिहिलेली खतावणी आणि ती सांभाळणारा मुनीम, दोन्ही एकत्र. 'अमुक शब्द काढ' म्हटलं की क्षणात पान उघडून देतो. हा मुनीम आपल्याच संगणकावर ठेवता येतो. पण मग रोजची नक्कल काढणं, यंत्र बिघडलं तर बदलणं, सुरक्षेच्या दुरुस्त्या घालणं हे आपल्या गळ्यात. ही उस्तवार दुसऱ्यानं करायची आणि आपण भाडं भरायचं, याला म्हणतात 'मॅनेज्ड डेटाबेस'. आमचं खातं कुणाकडे होतं ते राहू द्या, चूक आमचीच होती. समजून घ्यायला ॲमेझॉनची आरडीएस घेऊ. तिचे नियम उघडे आहेत. ही सेवा २००९ च्या ऑक्टोबरात निघाली आणि २०१६ मध्ये कंपनीची केंद्रं मुंबईतही आली.

पहिली गोष्ट घड्याळाची. हा मुनीम कामावर पैसे घेत नाही, तासावर घेतो. तीस दिवसांच्या महिन्याचे ७२० तास. तुमच्याकडे दिवसभरात एक गिऱ्हाईक आलं काय आणि हजार आले काय, तास तेवढेच. म्हणाल, रात्री बंद ठेवू. ठेवता येतो, पण सलग सातच दिवस. त्यानंतर तो आपोआप सुरू होतो आणि मीटरही. बंद असतानाही जागेचं भाडं चालूच राहतं.

जागेची तऱ्हा आणखी वेगळी. तुम्ही १०० जीबी मागून घेतली आणि १० वापरली, तरी भाडं १०० चं. कमी पडली तर वाढवता येते, आपोआप वाढेल अशीही सोय आहे. पण चालू डेटाबेसची जागा सरळ कमी करता येत नाही. दुसरा छोटा उभा करून सगळं सामान तिकडे हलवावं लागतं. आम्ही तर आवाजाचे तुकडेसुद्धा खतावणीतच चिकटवले होते. शब्द आणि त्यांचे अर्थ मिळून भरले ९ एमबी, म्हणजे मोबाइलवरचे दोन-तीन फोटो! आवाज मात्र १४ जीबी. आवाज, चित्रं अशा जड वस्तू ठेवायला क्लाऊडवर वेगळी वखार असते आणि तिचं भाडं डेटाबेसच्या जागेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास पडतं. त्यातून भाच्यानं प्रयोगासाठी एक दुसरा डेटाबेस काढला होता, १०० जीबीचाच, आणि तो विसरून गेला होता. म्हणजे दोन मुनीम बसून पगार घेत होते आणि एकाला काहीच काम नव्हतं.

बाकीचे खर्च लहान दिसतात, पण त्यांची गाठ पडतेच. एक केंद्र बंद पडलं तर दुसरीकडे नक्कल तयार हवी असेल, तर भाडं जवळजवळ दुप्पट. माल आत आणायला पैसे नाहीत. बाहेर न्यायला महिन्याला पहिले १०० जीबी माफ, पुढे दर जीबीला आकार. जुनी आवृत्ती वापरत राहिलात तर दंडासारखं शुल्क. मायएसक्यूएल ५.७ वाल्यांना ते १ मार्च २०२४ पासून लागू झालं. आणि खर्चाचा इशारा देणारा निरोप लावता येतो, पण नुसता निरोप लावला तर मीटर थांबत नाही. आमचा निरोपही त्याच न उघडलेल्या ईमेलवर जात होता!

आता पैसे भरूनही काय मिळत नाही ते ऐका. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं. इथेही मूळ किल्ली कंपनीकडेच. यंत्राच्या आत तुम्हाला शिरता येत नाही, हवं ते जोडकाम बसवता येत नाही. एका वेळी किती जणांनी दार ठोठवायचं यालाही मर्यादा. एक जीबी स्मृतीचं सगळ्यात लहान यंत्र घेतलं, तर मायएसक्यूएलमध्ये फार तर ८०-८५. आणि तुम्हीच चुकीचं पान फाडायला सांगितलंत, तर मुनीम ते मुकाट्यानं फाडतो. रोजची नक्कल असते म्हणून मागे जाता येतं, पण जास्तीत जास्त ३५ दिवस. त्याआधीची चूक सापडली तर हात चोळत बसायचं.

मग हे टाळावंच का? अमेरिकेतल्या ३७सिग्नल्स या कंपनीनं २०२२ च्या ऑक्टोबरात क्लाऊड सोडण्याचं जाहीर केलं. नुसत्या डेटाबेस आणि शोधसेवेवर त्यांचे वर्षाला पाच लाख डॉलरहून जास्त जात होते. पण त्यांच्याकडे यंत्रं सांभाळणारी तयार माणसं होती. उलट गिटलॅब घ्या. ३१ जानेवारी २०१७ ला, स्वतः सांभाळत असलेल्या डेटाबेसवर काम करताना, त्यांच्या एका अभियंत्यानं चुकीच्या यंत्रावरची माहिती पुसली. नक्कल ठेवायचे अनेक मार्ग होते. ऐनवेळी पाहिलं तर बरेचसे चालतच नव्हते. सुमारे सहा तासांची माहिती गेली. ही सगळी जाणती मंडळी. एक कवी आणि शनिवारी-रविवारी वेळ मिळणारा त्याचा भाचा, यांनी रात्री उठून यंत्र तपासायचं म्हणजे विनोदच. आम्ही भाड्याचाच मुनीम ठेवला.

थकबाकी भरली. कवीचं मानधन त्याला किती पुरलं ते विचारू नका. दुसरा डेटाबेस काढून टाकला, आवाज वखारीत हलवले, शब्दांसाठी छोटी जागा घेतली. आता बिल अठराशेच्या आसपास येतं आणि ते आम्हा दोघांच्याही मोबाइलवर येतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी भाचा सगळ्याची एक नक्कल घरच्या डिस्कवर उतरवतो. नुसती उतरवून ठेवत नाही, माझ्या जुन्या लॅपटॉपवर ती उघडून शब्दांची संख्या जुळवतो आणि कुठलाही एक आवाज लावून बघतो. कुठलाही, असं तो म्हणतो. गेल्या सहा महिन्यांत मी बाजूच्या खोलीतून सहाही वेळा "नीट ऐक की" हेच ऐकलं आहे.